लाल झाला की सांग

या, बसा. तो फोटो तिकडे ठेवा, भिंतीला टेकवून. असा नको, तोंड भिंतीकडे करून. आणि वरचा कागद सोडू नका अजून.

तुमच्या साहेबांचा सकाळीच फोन आला होता. फार सभ्य माणूस. "बाई, तुमचा फोटो पार काळा पडला हो, माणसाबरोबर परत पाठवतोय," म्हणाले, आवाज जराही न चढवता. दुसरा कोणी असता तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तुम्हाला काय, फोटो माझ्या हवाली केला की तुम्ही मोकळे. पण चहा ठेवलाय, तो होईपर्यंत बसा. या खोलीत भर दुपारीसुद्धा उजेड नसतो, म्हणून हा टेबलावरचा दिवा सतत चालू. त्या बाजूला सरका, म्हणजे डोळ्यांवर येणार नाही.

काळा का पडला ते तुम्हाला सांगते. साहेबांना किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

समोर ते बंद दार दिसतंय ना, ती माझी डार्करूम. माझं अर्धंअधिक आयुष्य त्या दारामागे गेलंय. आता फोनमध्ये फोटो काढतात आणि फोनमध्येच विसरतात. मी अजून जुन्या पद्धतीची. मोठा लाकडी कॅमेरा, त्यात एका वेळी एकच फिल्म, पोस्टकार्डाएवढी. मग अंधारात ती धुतलेली फिल्म, म्हणजे निगेटिव्ह, यंत्रात घालून कागदावर छापायचं, ट्रेमधल्या पाण्यात हलवायचं, आणि चित्र हळूहळू वर येतं. त्या पाण्याला डेव्हलपर म्हणतात. नंतरचं पाणी फिक्सरचं, ते चित्राला पक्कं करतं. त्यातून काढून भरपूर धुतला की प्रिंट आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकतो. गॅलऱ्यांत माझं नाव आहे ते चित्रांपेक्षा या टिकण्यासाठीच. माझा प्रिंट कधी पिवळा पडला नाही, कधी डागाळला नाही. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

त्या दाराची एक शिस्त होती. आत काम चालू असताना दार एकदम उघडायचं नाही, नाहीतर दिवसभराची मेहनत पाण्यात. आधी टकटक करायची आणि विचारायचं, "दिवा कुठला?" आतून "लाल" असं उत्तर आलं तर पटकन आत यायचं आणि दार लावून घ्यायचं, कारण लाल दिव्यात कागदाला काही होत नाही. "अंधार" असं उत्तर आलं तर आत फिल्म उघडी आहे, बाहेरच थांबायचं. घरात ही शिस्त पाळणारं एकच माणूस होतं. माझी आत्या.

आईवडील गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची दिवसभर. दिसायला देखणी, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाइकं कापड घ्यायला कमी आणि तिच्याकडून मोजून घ्यायला जास्त यायची, असं तीच सांगायची. मला ती घुबड म्हणायची. अंधारात बसणारी म्हणून घुबड. "घुबडा, बाहेर ये, जग अजून आहे इथे," अशी हाक यायची जेवायच्या वेळी.

मग तिला झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि चेहऱ्याची एक बाजू खाली ओढली गेली. ओठ वाकडा झाला, एक डोळा अर्धवट मिटलेला राहिला. घरी आल्याबरोबर तिने न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकला. तो टॉवेल मी धुवायला काढला की दुसरा टाकायचा, हे न सांगता ठरून गेलं. माझ्या चित्रांसाठी मात्र ती बसायची. खिडकीशी, केस मोकळे सोडून, पलंगाच्या कडेवर, पण नेहमी पाठ करून. "तोंड नाही हं दाखवायचं कोणाला," एवढी एकच अट. तिच्या पाठीची ती चित्रं चांगली खपली. "माझ्या पाठीने घर चालवलंय," म्हणून ती मला टोचायची, आणि ते खरंच होतं.

एकदा मी फिक्सर आणायला बाहेर पडले होते. दुकानातच गॅलरीवालीचा फोन आला. माझी चित्रं तीच विकते, बाई हुशार आहे आणि जीभ तिखट. म्हणाली, "कलामेळा तोंडावर आलाय. पण तुझ्या पाठमोऱ्या बायका आता पुरे झाल्या गं. लोक विचारतात, या बाईला तोंड आहे की नाही? नवीन काही असेल तर भिंत देते, नसेल तर यंदा दुसऱ्या कोणाला देईन. रागावू नकोस."

मी नाही रागावले. रागवायला काहीतरी हातात लागतं, माझ्या हातात काहीच नव्हतं. फिक्सरचा डबा घेऊन घरी आले आणि आत्यासमोर बसले.

ती स्वतःच बोलली, "मला एकदा बघायचंय."

"काय?"

"मला. कशी झालेय ते." ती खिडकीकडेच बघत होती. "आरशात नको. आरसा एकदम तोंडावर मारतो. तुझ्या त्या पाण्यात कसं सावकाश वर येतं... तसं. नको वाटलं तर मधेच डोळे मिटता येतील."

मग तिनेच सगळं ठरवलं. एकच फोटो, आम्ही दोघींनीच बघायचा. फिक्सरमध्ये घालायचा नाही, म्हणजे पक्का व्हायचाच नाही. बघून झालं की पांढरा दिवा लावायचा, आणि कागद आपोआप काळा होईल. मग निगेटिव्ह तिच्यासमोर कापायची. इतकी वर्षं दाराशी उभी राहून तिने माझं काम माझ्याएवढंच शिकून घेतलं होतं.

मी शपथ घेतली. तिच्या गळ्याला हात लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिला खिडकीशी बसवलं. पहिल्या फिल्मच्या वेळी ऐन क्षणी तिला लाज वाटली आणि ती वळली, त्यामुळे पुन्हा पाठच आली. "थांब, थांब, आता नाही हलत," म्हणाली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. कसलंच सोंग नाही, चेहरा सावरायची धडपड नाही. एक बाजू तिची जुनी, एक बाजू कोणा परकीची, आणि दोन्ही मिळून माझ्याकडे बघताहेत. मी बटण दाबलं. मला तेव्हाच कळलं होतं की आयुष्यात मी यापेक्षा चांगलं चित्र काढलेलं नाही, आणि हे मला कापायचंय.

मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं, असं सांगायला मला फार आवडेल. पण फिल्म धुऊन वाळल्यावर, छापायच्या दिवशी सकाळीच, ती पाठमोरी निगेटिव्ह मी टेबलाच्या कडेला काढून ठेवली होती, कात्रीजवळ.

टकटक झाली.

"दिवा कुठला?"

"लाल. ये."

ती भिंत धरत आत आली. तिला मी स्टुलावर बसवलं. कागद ट्रेमध्ये सोडला. लाल उजेडात तो आधी नुसता कोरा होता. मग खिडकीची चौकट आली. केस आले. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या आल्या, आणि त्यांतून हळूहळू ती वर आली. आत्या पाण्यावर वाकली होती. तिने डोळे मिटले नाहीत. डेव्हलपरचा उग्र वास, नळाची टिपटिप आणि तिचा श्वास, एवढंच काय ते त्या खोलीत होतं.

"आई आहे ही," ती हळूच बोलली. "अगं, शेवटी शेवटी आई अशीच दिसायची." आणि मग, जरा वेळाने, "वाईट नाही दिसत मी."

मला रडू आलं. ती मात्र हसली, तिच्या त्या अर्ध्या ओठांनी. म्हणाली, "लाव दिवा."

पांढरा दिवा लावला. कागद करडा झाला, मग काळपट. खिडकी गेली, केस गेले, शेवटी चेहरा गेला, आणि ट्रेमध्ये नुसता काळा कागद तरंगत राहिला. आत्या शेवटपर्यंत बघत होती.

"गेली," म्हणाली. "छान गेली. आता काप."

मी यंत्रातून निगेटिव्ह काढल्यासारखं केलं, टेबलाच्या कडेची पाठमोरी उचलली आणि कात्रीने तिचे तुकडे केले. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, तिला काय कळणार, असं मला वाटलं. तिने डावा हात पुढे केला. मी तुकडे त्यावर ठेवले. तिने ते रुमालात गुंडाळले आणि मला म्हणाली, "शहाणं माझं घुबड."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिला वाटलं, मला वाईट वाटलंय. माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. त्या हाताखाली कसं बसवलं माझ्याने, मला माहीत नाही.

दोन दिवसांनी, ती दुपारची झोपली असताना, मी खरी निगेटिव्ह यंत्रात घातली. आत्याला मी विकायला काढत होते, आणि जिवाला इतकी टोचणी असूनही माझे हात मात्र कधी नव्हे इतके नेटके चालत होते. कागद ट्रेमध्ये गेला, चेहरा वर आला. मी तो चिमट्याने उचलून फिक्सरमध्ये सोडायला वळले आणि दारावर टकटक झाली.

"दिवा कुठला?"

चिमट्याला तिचा चेहरा लोंबत होता. त्यावरून पाणी ठिबकत होतं.

"घुबडा... दिवा कुठला?"

"अंधार!" मी ओरडलेच. "फिल्म धुतेय, आत्या. पूर्ण अंधार आहे. नको येऊस."

दाराच्या खालच्या फटीत दोन पावलांची सावली दिसत होती. आतला लाल उजेडही त्या फटीतून बाहेर दिसत असणार, हे मला कितीतरी नंतर सुचलं.

"बरं," ती म्हणाली. "लाल झाला की सांग. मग येते."

मी तिला बोलावलं नाही. प्रिंट फिक्सरमध्ये घातला, मग पुन्हा ताज्या फिक्सरमध्ये, मग संध्याकाळपर्यंत वाहत्या पाण्यात. वाळल्यावर कोपऱ्यावर तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला. धुण्यात जरा जरी कसर राहिली तर तिथे तपकिरी डाग पडतो. डाग नाही. असा पक्का प्रिंट मी जन्मात केला नव्हता.

मेळ्याला निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "यंदा काय लावणार भिंतीवर?"

"तुझी पाठच," मी बॅग भरता भरता बोलले. तिच्याकडे बघितलं नाही.

"पाठीवरच भागव हो," ती म्हणाली. आणि मग, "मला काही सांगायचंय का तुला?"

"काय सांगायचं असणार? औषधं वेळेवर घे. वरच्या काकू येतील सोबतीला."

मला तिथे एक शब्द बोलायला हवा होता. एकच. प्रिंट अजून घरात होता, कात्री टेबलावर होती. मी बॅगेची चेन ओढली.

मेळ्यात पहिल्याच दिवशी तुमचे साहेब त्या चित्रासमोर उभे राहिले ते हलेनात. घेऊन टाकलं. गॅलरीवालीने मला मिठी मारली. लोक येत होते, बघत होते, काहींच्या डोळ्यांत पाणी येत होतं. मी चित्राकडे पाठ करून उभी होते. नकळत मी आत्याचीच पोझ घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीवालीने मला कोपरखळी मारली. "ए, हे चित्र काल एवढं गडद होतं का गं?"

मी वळून बघितलं.

खिडकी नव्हती. काल तिच्या मागे उजेडाची खिडकी होती, पडदा होता, पलंगाचा खांब होता. तिथे आता नुसता काळोख होता, कडेपासून आत सरकत आलेला. न पक्का केलेला कागद दिव्यात जसा काळा होतो, अगदी तसा. पण तसा कागद काळा होतो तेव्हा चेहराही जातो, काहीच शिल्लक राहत नाही. इथे चेहरा मात्र तसाच होता. उलट जास्त स्पष्ट. आणि त्या चेहऱ्याचा पांढरेपणा पांढरा नव्हता... त्यावर तांबूस झाक होती. वर छताला पांढरेशुभ्र दिवे, आजूबाजूची सगळी चित्रं पांढरी काळी, आणि या एकाच चित्रात कोणीतरी लाल दिवा लावला होता.

"नीट फिक्स केलं नव्हतंस का?" गॅलरीवालीने दबक्या आवाजात विचारलं. मला हे विचारायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. "जाऊ दे. असंच जास्त भारी दिसतंय. काळोखातून आल्यासारखं. साहेब आत्ताच बघून गेले, ते तर अजून खूश झाले. तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं."

मी चित्र उतरवायला हात पुढे केला होता, हे मात्र खरं आहे. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या काकूंचा.

काकूंना नीट बोलता येत नव्हतं. "अगं, मी स्वयंपाकघरात होते... बघते तर पलंगावर नाहीत. तुझ्या त्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या, टकटक करत. मी म्हटलं, चला, आत कोणी नाही, ती बाहेरगावी गेलीय. तर मला म्हणाल्या, 'आहे आत. लाल झाला की बोलावणार आहे मला.' मी खुर्ची आणायला वळले गं फक्त. खुर्ची घेऊन आले तर दाराशी बसलेल्या... आणि गेलेल्या."

मी जशी होते तशी निघाले. चित्र तिथेच राहिलं. त्याच संध्याकाळी ते तुमच्या साहेबांच्या घरी गेलं.

आत्याला मीच आंघोळ घातली. तिचा उजवा हात, तो निकामी झालेला, झटका आल्यापासून ज्याने चमचासुद्धा धरला नव्हता, त्याची बोटं ओली होती. मी नाकाजवळ नेली. डेव्हलपरचा वास. बोटांची टोकं तपकिरी झालेली, माझी होतात तशी. आणि डार्करूममधले ट्रे मी जाण्याआधी घासून उपडे ठेवले होते. तसेच उपडे आणि कोरडे होते ते.

सगळं आटोपल्यावर तिच्या खोलीत गेले. पलंगाशेजारची खिडकी, तिचा पडदा ती नेहमी ओढलेलाच ठेवायची. मी तो सरकवला. काचेवर ते तुकडे होते. चिकटपट्टीने एकाशेजारी एक लावलेले, डाव्या हाताने लावावेत तसे वेडेवाकडे. बाहेरचा उजेड त्यातून येत होता आणि निगेटिव्ह स्वच्छ दिसत होती. केस, खांदे, पाठ.

पाठ ओळखायला काळं पांढरं कळावं लागत नाही.

चिकटपट्टीच्या कडांना धूळ बसली होती. म्हणजे मी तुकडे हातात दिले, त्यानंतर लगेचच ती लावलेली होती. तिला पहिल्यापासून माहीत होतं. दाराशी आली तेव्हा माहीत होतं, 'मला काही सांगायचंय का' विचारलं तेव्हाही. ती मला वेळ देत होती हो. मी कबूल करीन, मग ती रागावेल, मग मी रडेन, आणि मग ती मला घुबड म्हणेल, इतकं सोपं होतं ते. त्या माउलीने मला पुन्हा पुन्हा संधी दिली आणि मी तिला दाराबाहेर उभं ठेवलं. मी तिथे जमिनीवर बसून गुरासारखी रडले.

खरी निगेटिव्ह मी त्याच दिवशी कापली, राख होईपर्यंत जाळली. काय उपयोग? साहेबांना किती विनवण्या केल्या, चित्र परत द्या म्हणून. ते हसायचे. म्हणायचे, कलाकारांचा जीव असाच अडकतो.

मग मी एक वेडेपणा केला. डार्करूममध्ये जाऊन लाल दिवा लावला, दार आतून ओढून घेतलं आणि म्हटलं, "आत्या, लाल झाला. ये." रोज म्हणायचे. चेष्टा करू नका. भीती वाटायची आणि तरी म्हणायचे. तिने यावं, मला काय वाटेल ते बोलावं, एकदाचं होऊन जावं. पण कोणी आलं नाही. तेच सगळ्यांत वाईट होतं. शेवटी मी तो लाल बल्ब काढून फेकून दिला, आतली वायर तोडली आणि दाराला बाहेरून कडी घातली. तेव्हापासून ते दार उघडलेलं नाही.

ती इथे नव्हतीच, त्या चित्रात होती, हे मला आज सकाळी साहेबांच्या फोनवर कळलं. म्हणाले, आधी काळोख वाढत गेला, ते चांगलं दिसत होतं. मग चेहरा मोठा व्हायला लागला. चौकट तीच, पण चेहरा जवळ जवळ येत राहिला. आणि काल सकाळी उठून बघतात तर चेहराच नाही. नुसता काळा कागद. बायको म्हणते, परत करा, हे घरात नको.

काय म्हणालात? गाडीत मागच्या सीटवरून आवाज येत होता?

काच हलत असेल फ्रेमची. थांबून थांबून येत होता, असं म्हणता... दोनदा टकटक, मग शांत. हं.

चहा गार झाला तुमचा. दुसरा... नाही, नका उठू. जरा थांबा. तुम्हालाही ऐकू आलं ना?

नाही, त्या फ्रेममधून नाही. त्या दारातून. डार्करूमच्या आतून. आत कोण असणार? बाहेरून कडी आहे, तुम्हीच बघा ना, आहे ना कडी?

बोलू नका. उत्तर देऊ नका तुम्ही... ती आता विचारेल. आधी टकटक, मग विचारते. तिची शिस्त आहे ती. आणि या वेळी मी तिच्याशी खोटं नाही बोलणार. जे असेल तेच सांगणार.

ऐकलंत? "दिवा कुठला?"

मला माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही राहिला हो. तुम्ही सांगा. तुम्ही आलात तेव्हा हा टेबलावरचा दिवा पांढरा होता ना?